सोलापुरात राहून बी.एस्सी. गणित : पुढे काय?

अनुजा_जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी, थोडा सल्ला हवा आहे.

मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. बोर्डात गणिताला छान मार्क आहेत, सीईटीचं पर्सेंटाइल मात्र बेताचं. पुण्याच्या बऱ्या इंजिनिअरिंग कॉलेजला नंबर लागेलसं वाटत नाही आणि मॅनेजमेंट कोट्यात पैसे ओतायची आमची ऐपतही नाही, इच्छाही नाही. गंमत म्हणजे तिला याचं काही दुःखच नाहीये. "मला गणित घेऊन बी.एस्सी. करायचंय, इथंच," हे तिचं आधीपासूनच ठरलेलं दिसतं.

गावातल्या एका कॉलेजात चौकशी करून आलो. प्रथम वर्षाला वर्ग भरलेला असतो, पण तिसऱ्या वर्षाला गणिताला डझनभर मुलं उरतात म्हणे. हे चांगलं की वाईट, तेच कळेना. ह्यांचा सुताचा व्यापार आहे, त्यामुळे घरात या बाबतीत कुणालाच काही गम्य नाही. नातेवाइकांचा एकच प्रश्न : "मग काय, शाळेत बाई होणार का?" शाळेत बाई होण्यात वाईट काय, हा भाग वेगळा. पण दुसरं काही होता येतं का, ते इथल्या जाणकारांनी सांगावं. आणि लहान कॉलेजातून शिकल्यावर पुढे दारं बंद होतात का?

चादरवाला

डझनभर म्हणजे लै भारी की वो ताई. सर नावानं ओळखतात. दांडी मारायची सोय नाही, एवढाच तोटा.

स्पष्टवक्ता_१३

कुणालाच आवडणार नाही, पण लिहितो. गणिताची आवड वगैरे ठीक आहे, पोट भरायचं बघा. इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजला मिळेल त्या शाखेत घाला. चार वर्षांनी हातात बी.ई. असेल आणि कंपनीच्या अर्जातल्या 'किमान पात्रता' या रकान्यात ती बसेल. बी.एस्सी. गणितवाल्याला प्रत्येक ठिकाणी 'मी पण चालतो का हो' असं विचारत फिरावं लागतं. माझ्या चुलतभावानं हेच केलं. आज तो क्लास घेतो आणि मी गाडी घेतो.

शेंगाचटणी

स्पष्टवक्ता, क्लासवाल्यांच्या गाड्या बघितल्या नाहीत वाटतं तुम्ही. सात रस्त्यावर उभे रहा जरा संध्याकाळी.

हुतात्मा_प्रवासी

अनुजाताई, मी याच वाटेनं गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. सोलापुरातच लहान कॉलेजात बी.एस्सी. गणित, मग पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी., आणि आता पुण्यातच एका बँकेच्या जोखीम विभागात आहे. महिन्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येतो, म्हणून हे नाव.

काम काय, तर कर्ज मागणारा माणूस ते बुडवेल याची शक्यता किती, हे सांगणारी मॉडेलं तपासायची. मॉडेल बनवणारे दुसरे असतात. आम्ही त्यातली गृहीतकं खोदून काढतो. पदवीला शिकलेल्या लिनियर अल्जिब्रा आणि संभाव्यतेवर आजही रोज हात जातो. पायथन आणि एसक्यूएल नंतर शिकलो. ते चार-सहा महिन्यांत येतं, वीस वर्षांच्या पोराला तर त्याहून लवकर.

मुलाखतीत मला विचारलं होतं, "दोन चलांचा सहसंबंध शून्य आला म्हणजे ती स्वतंत्र असतात का?" मी कागदावर −१, ०, १ लिहिलं, तिघांची शक्यता सारखी धरली आणि दुसरं चल म्हणून त्यांचा वर्ग घेतला. सहसंबंध शून्य येतो. पण पहिला आकडा कळला की दुसरा ठरलेलाच, मग स्वतंत्र कुठले? पॅनेलवरचे दोघं इंजिनिअर होते. मला या उत्तराला अर्धा मिनिट लागला, कारण आमच्या सरांना उलट उदाहरण मागायची सवयच होती. प्रमेय सांगितलं की लगेच, "ही अट काढली तर कुठं मोडतं ते दाखव." फळ्यापाशी जाऊन दाखवावं लागायचं. साठ जणांच्या वर्गात महिन्यातून एकदा पाळी आली असती, आमच्यात रोज यायची.

लहान वर्गाचा तोटाही सांगतो. गावात राहून तुम्हाला परीक्षांची नावंच कळत नाहीत. मला जॅम नावाची परीक्षा असते हे तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत कळलं, तोवर अर्ज भरायची मुदत संपलेली. पुण्याच्या मुलांना ते पहिल्या वर्षीच माहीत असतं. सोलापूर आणि पुणे यांतला मोठा फरक मला तरी तिथंच दिसला. शिकवण्यात म्हणाल तर आमचे सर कुणाला हार जाणारे नव्हते.

बार्शीची_प्राजक्ता

हुतात्मा, शेवटच्या परिच्छेदाला माझे दोन्ही हात वर.

ताई, ही नावं मुलीच्या वहीत आजच लिहून ठेवा. जॅम : आयआयटी आणि आणखी काही संस्थांमधल्या एम.एस्सी.साठीची परीक्षा, फेब्रुवारीत होते. तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण. रिअल अ‍ॅनालिसिस, ग्रुप थिअरी, लिनियर अल्जिब्रा, कॅल्क्युलस, डिफरेन्शियल इक्वेशन्स, म्हणजे जवळपास आपलाच अभ्यासक्रम. फक्त प्रश्न असे की गाईड पाठ करून एकही सुटत नाही. आयएसआय म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, कोलकात्याची, १९३१ ची. तिथं एम.मॅथ. आणि एम.स्टॅट., प्रवेश मिळाला तर फी नाही, वर विद्यावेतन. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा वेगळी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची, वेगळी.

पदवी चालू असताना करायच्या दोन गोष्टी. माधव गणित स्पर्धा, जी पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून घेतात, खास बी.एस्सी.च्या वयाच्या मुलांसाठी. आणि एमटीटीएस, गणिताचं उन्हाळी शिबिर, १९९३ पासून चालू आहे. तिथं शिकवणारे तुमच्यासमोर उत्तर ठेवतच नाहीत. नुसते विचारत राहतात. पहिले तीन दिवस मी रात्री रडले, चौथ्या दिवशी सकाळी फळ्यापाशी जाऊन भांडले. माझं पुढचं सगळं शिक्षण त्या शिबिरामुळे झालं असं मी मानते.

दारं बंद होतात का, तर अजिबात नाही. जॅमच्या उत्तरपत्रिकेवर कॉलेजचं नाव विचारत नाहीत.

तासिका_तत्त्वावर

सगळ्यांनी छान छान लिहिलंय, तर दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून मी. एम.एस्सी. गणित, सेट (प्राध्यापकपदाची राज्याची पात्रता परीक्षा) उत्तीर्ण. जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो.

'प्राध्यापक होईल' असं कुणी मुलीला सांगत असेल तर आधी हे ऐका. जागा भरायला निघाली की एका जागेला नेट-सेट, पीएच.डी. झालेल्यांची रांग. तोवर तासिका तत्त्व. म्हणजे तासाला ठरलेले पैसे, तेही शिकवले तेवढ्याच तासांचे. परीक्षेचा काळ, सुट्ट्या, निवडणुकीचं काम, यात कमाई शून्य. मागच्या सत्राचं बिल पुढचं सत्र अर्धं झाल्यावर निघालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, नोकरी आहे अजून. आठवड्याला तीन दिवस इथं, दोन दिवस शेजारच्या तालुक्यात, मधल्या वेळात बारावीचा क्लास. त्या क्लासवर घर चालतं.

शाळेचा रस्ताही समजून घ्या. बी.एड. दोन वर्षांचं, मग टीईटी, टीएआयटी या शिक्षकांसाठीच्या परीक्षा, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नोंदणी आणि मग वाट बघणं. अशक्य काही नाही. पण 'निदान शिक्षिका तरी होईल' यातलं 'निदान' आता उरलेलं नाही, हे नातेवाइकांना सांगा.

तरीही विचाराल की परत हाच विषय घेशील का, तर हो. याचं कारण मला नीट सांगता येणार नाही, आणि ते सांगून पोरांना नादी लावायचंही नाही.

स्पष्टवक्ता_१३

बघा. आता बोला.

शेंगाचटणी

तासिका सर, तुमचा क्लास कुठं आहे? पुतण्या अकरावीला आहे. (गंभीरपणे विचारतोय, खासगी निरोप टाका.)

नाना_नवी_पेठ

आमच्या वेळी सोलापूर विद्यापीठ नव्हतं, सगळं शिवाजी विद्यापीठाखाली. मार्कशीटवरचं नाव चुकलं तरी कोल्हापूरची एसटी धरायची. २००४ ला आपलं विद्यापीठ झालं आणि आता तर केगावच्या आवारात गणित आणि संख्याशास्त्र दोन्हींचं एम.एस्सी. आहे. मी गणित घेऊन पदवी केली आणि बँकेत चिकटलो. आयुष्यभरात चक्रवाढ व्याजापुढचं गणित लागलं नाही. पण हिशेब जुळत नसला की रात्री दहापर्यंत बसून जुळवायची खोड तिथूनच लागली. साहेब लोक खूश, सौ. नाखूश.

बाकी सगळे मोठमोठ्या संस्थांची नावं घेतायत म्हणून आठवण करून देतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही. ६१७४ हा त्यांचा आकडा जगभर त्यांच्या नावानं ओळखतात. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठं बाहेर नाव झालं. तोवर आपल्याकडे काही लोक त्यांना हसतच होते.

चादरवाला

नाना, ६१७४ म्हणजे काय? आमच्या डोक्याला झेपेल असं सांगा.

नाना_नवी_पेठ

कुठलाही चार अंकी आकडा घे. अंक उतरत्या क्रमानं लाव, मग चढत्या क्रमानं लाव, मोठ्यातून लहान वजा कर. येईल त्याला परत तसंच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतो आणि तिथंच थांबतो. माझी एमएच १३ गाडी, नंबर ३५२४. ५४३२ − २३४५ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. तिसऱ्या पायरीला घर.

शेंगाचटणी

माझा २००५. बरोबर सात पायऱ्या लागल्या! ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. पार्किंगमध्ये उभं राहून केलं, वॉचमन दोनदा येऊन बघून गेला.

स्पष्टवक्ता_१३

माझा ७७७७. जास्तीचे पैसे भरून घेतलेला. शून्य येतंय.

नाना_नवी_पेठ

चारी अंक सारखे असले की शून्यच येणार, तेवढा अपवाद आहे. आरटीओनं सांगितलं नाही का?

चादरवाला

😂😂 गणित न शिकल्याचा तोटा, स्पष्टवक्ता!

तासिका_तत्त्वावर

उद्या वर्गात हेच करून घेतो. पण नाना, एक सांगू? कापरेकरांचं उदाहरण मुलांना प्रेरणा म्हणून ठीक आहे, धोरण म्हणून नको. 'शाळामास्तर असूनही' असं म्हणत आपण त्यांच्या वाट्याला आलेली उपेक्षाच साजरी करतो. त्यांना वेळेवर एखादी संस्था, एखादं ग्रंथालय, बरोबरीनं बोलणारी चार माणसं मिळाली असती तर?

नाना_नवी_पेठ

मान्य. मी त्यांना हसणाऱ्यांबद्दल लिहिलं होतं, पण तुझा मुद्दा बरोबर आहे.

मुंबईचा_जावई

अ‍ॅक्चुअरी कुणी काढलंच नाही अजून? सासुरवाडी सोलापूर म्हणून डोकावतो, मी विमा कंपनीत त्या विभागात आहे.

विम्याचा हप्ता किती लावायचा, पेन्शनसाठी आज किती रक्कम बाजूला ठेवायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे अ‍ॅक्चुअरी. मृत्यूचे तक्ते, चक्रवाढ व्याज आणि संभाव्यता, एवढ्या भांडवलावर धंदा. परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडिया घेते. आधी एसेट नावाची प्रवेशपरीक्षा, ती बारावीनंतरही देता येते. कॉलेज कुठलं, पदवी कुठली, कुणी विचारत नाही. पेपर जितके पास, तितका पगार.

आता कडू भाग. फेलोपर्यंत तेरा पेपर, आणि एकेक पेपर दोन-तीनदा द्यावा लागणं ही नेहमीची गोष्ट. फी प्रत्येक वेळी भरायची. नोकऱ्या मुख्यतः मुंबई, पुणे, गुरुग्राम, बंगळूर इथं. सुरुवातीचे दोन-तीन पेपर पास नसतील तर पहिली नोकरी मिळणं कठीण. माझ्याबरोबर सुरू केलेल्यांपैकी बरेच जण मध्येच डेटाकडे वळले. त्यांचं वाईट झालं असं नाही, कारण तोवर शिकलेलं संख्याशास्त्र वाया जात नाही. पण घरच्यांनी 'सीएसारखंच आहे, होईल चार वर्षांत' असं धरून चालू नये.

अनुजा_जुळे_सोलापूर

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आज आमच्याकडे पाणी यायचा वार आहे, टाकी भरून झाली की सविस्तर वाचते. मुलीनं मात्र सगळं वाचलंय. तिचा एक निरोप : "७७७७ काकांना सांग, १ नं वाढवून ७७७८ घेतला असता तर चाललं असतं."

स्पष्टवक्ता_१३

मुलगी हुशार आहे. इंजिनिअरिंगला घाला. 😄

शेतकी_खातं

धागा उशिरा पाहिला. मी एका साखर कारखान्यात शेतकी विभागात आहे. बी.एस्सी. गणित, नंतर एमबीए. आपला जिल्हा म्हणजे साखर कारखान्यांचं आगर, तर इथल्याच कामाचं एक उदाहरण देतो, पुण्या-मुंबईचं नको.

तोडणी कार्यक्रम ही आमची दरवर्षीची डोकेदुखी. नोंद झालेला ऊस अमुक हजार एकर, कुठला आडसाली, कुठला खोडवा, कुणाची पक्वता कधी. टोळ्या ठरलेल्या, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या ठरलेल्या, गाळपाची रोजची क्षमता ठरलेली. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर वजन घटतं आणि साखरेचा उतारा पडतो. जास्त तोडला तर गव्हाणीपुढं, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागेपुढं, वाहनांची रांग, कमी तोडला तर मिल बंद. म्हणजे तिसऱ्या वर्षाला ऑपरेशन्स रिसर्चमध्ये शिकलेलं लिनियर प्रोग्रॅमिंग आणि ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम, तंतोतंत. डँट्झिग नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं १९४७ ला असे प्रश्न सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत काढली ती लष्करी नियोजनासाठी. आमच्या गव्हाणीपुढची रांग बघून त्यानं परत काढली असती.

मी एका हंगामात एका गटापुरतं एक्सेलच्या सॉल्व्हरवर मांडलं. वाहनांच्या फेऱ्या आणि मिलची क्षमता इथपर्यंत छान बसलं. मग एक अट आली : चेअरमनसाहेबांच्या पाहुण्यांचा ऊस आधी. ही अट घातली की उत्तर 'इनफीझिबल', म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही. शेवटी तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या स्लिपबॉयच्या वहीप्रमाणेच तोड झाली.

हसण्यावारी नेऊ नका पण. त्या कागदामुळे साहेबांनी मला वाहतुकीच्या नियोजनात घेतलं. बी.एस्सी. शेती झालेल्यांच्या विभागात गणितवाला एकटा मी.

चादरवाला

चेअरमनचा पाहुणा हा कन्स्ट्रेंट, म्हणजे अट, नाही दादा, तो ऑब्जेक्टिव्ह फंक्शन आहे, ज्याच्यासाठी सगळं गणित मांडायचं तो.

शेतकी_खातं

😂 बरोबर पकडलंस. शिकलायस काय गणित?

चादरवाला

नाही बे, दहावीनंतर कारखान्यात. पण आता विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या वडिलांच्या काळी चादरीचं डिझाइन आलेखाच्या कागदावर काढायचे. एक चौकोन म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा जिथं भेटतात ती जागा. चौकोन रंगवला तर उभा धागा वर उचलायचा, कोरा असला तर खाली ठेवायचा. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची आणि कार्डांची माळ जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, चढवायची. एका मोराला किती कार्डं लागायची विचारू नका. एक भोक चुकलं की मोराच्या मानेत गाठ, आणि ती प्रत्येक चादरीत. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलंय तिथं संगणकावर डिझाइन करतात, पण डिझाइनवाला पोरगा बसतो तो ह्याच चौकोनांपुढं.

बार्शीची_प्राजक्ता

चादरवाला, हे ० आणि १ चं मॅट्रिक्सच झालं! आणि हे उगाच म्हणत नाहीये. जकार्डचा माग १८०४ च्या आसपासचा. त्याची भोकाची कार्डं बघूनच चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राला कार्डं लावायचं ठरवलं होतं. पुढं कित्येक वर्षं संगणक कार्डावरच चालले. सोलापूरच्या पोरांना बायनरी शिकवायला पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात न्यावं.

तासिका_तत्त्वावर

सहलीला परवानगी मागितली की प्राचार्य विचारतील, 'गणिताची सहल?' तरी प्रयत्न करून बघतो. चादरवाला, तुमचा कारखाना चालेल का?

चादरवाला

या की सर. चहा आमच्याकडं. फक्त रविवारी नको, माग बंद असतात.

हुतात्मा_प्रवासी

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण महत्त्वाचं एक राहिलंय. ताई, गणिताबरोबर संख्याशास्त्र मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. केंद्राच्या इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा यूपीएससी घेते. तिला बसायचं तर पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो, नाहीतर मग एम.एस्सी. तरी संख्याशास्त्रात लागते. नुसतं गणित चालत नाही. दरवर्षी कितीतरी मुलांना हे पदवी हातात आल्यावर कळतं. पहिल्या वर्षाच्या अर्जात विषय निवडताना जी खूण करायची, तिच्यावर हे ठरतं.

यूपीएससी नागरी सेवेला मात्र वैकल्पिक विषय म्हणून गणित घेता येतं, दोन पेपर, पाचशे गुण. एमपीएससी राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झालीय, तिथंही वैकल्पिक विषय आहे.

स्पष्टवक्ता_१३

थट्टा बाजूला. माझं म्हणणं अजून तेच आहे, थोडं बदलून मांडतो. तुम्ही जे जे सांगताय त्यात बी.एस्सी.नंतर आणखी काहीतरी आहेच. एम.एस्सी., नाहीतर अ‍ॅक्चुअरीचे पेपर, नाहीतर एमबीए. म्हणजे पाच-सहा वर्षं कमाई नाही. सुताच्या व्यापारात दोन वर्षं मंदी आली तर मुलीला मध्येच नोकरी शोधावी लागेल. अशा वेळी नुसत्या बी.एस्सी. गणितावर काय मिळतं, ते सांगा. कुणीच सांगितलेलं नाही.

मुंबईचा_जावई

रास्त प्रश्न.

हुतात्मा_प्रवासी

खरंच रास्त. तीन वर्षांवर थांबायची वेळ आली तर : बँक आणि एलआयसीच्या अधिकारी पदाच्या परीक्षांना कुठलीही पदवी चालते, आणि अंकगणित-तर्काच्या पेपरात आपली मुलं पुढे असतात. मोठ्या आयटी कंपन्या बी.एस्सी.वाल्यांची वेगळी भरती करतात. विप्रोत तर बी.सी.ए., बी.एस्सी.च्या मुलांना नोकरी करता करता एम.टेक. करता येतं, पण बाँड असतो, सही करण्याआधी नीट वाचायचा. पगार बी.ई.पेक्षा सुरुवातीला कमी, हेही खरं. आणि एम.सी.ए. सीईटीचा रस्ता आहेच. एकंदरीत नुसत्या बी.एस्सी.वर मिळणारी कामं गणिताची नसतात. हे मुलीला आज माहीत असलेलं बरं.

तासिका_तत्त्वावर

आणि नव्या धोरणानुसार आता पदवी तीन वर्षांवर थांबवता येते किंवा चार वर्षांची ऑनर्स करता येते. चार केली तर एम.एस्सी. एका वर्षात. कॉलेजात विचारताना एवढंच विचारा की गणिताचं चौथं वर्ष तिथं चालू होणार आहे का. डझनभर मुलांच्या विभागात हा प्रश्न अवघड असतो, हे आतला माणूस म्हणून सांगतो. आणखी एक, प्राध्यापक कायम किती आणि आमच्यासारखे किती, तेही विचारा. आम्ही वाईट शिकवतो म्हणून नाही. पुढच्या वर्षी आम्ही तिथं असू की नाही, ते आम्हालाच माहीत नसतं.

अनुजा_जुळे_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. टाकी भरली, धागाही वाचला. काल ह्यांनी सगळं वाचून दाखवायला लावलं. स्पष्टवक्तांचा मंदीचा मुद्दा त्यांना सगळ्यात पटला आणि साखर कारखान्याचा सगळ्यात आवडला. मुलीनं माधव स्पर्धेच्या जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेतल्यात. पहिल्या पानावर अडलीय आणि भलतीच खुशीत आहे.

अडचण अशी : जवळच्या कॉलेजात गणितासोबत संख्याशास्त्र देत नाहीत, भौतिक आणि इलेक्ट्रॉनिक्स देतात. दुसरीकडे संख्याशास्त्र आहे, पण दोन बस बदलून जावं लागतं आणि प्रॅक्टिकल संपता संपता पाच वाजतात.

बार्शीची_प्राजक्ता

दोन बस. विचारच करू नका. मी बार्शीहून रोज ये-जा करणाऱ्या मुली बघितल्यात.

शेतकी_खातं

दोन बसला माझंही मत. जायच्या आधी त्या वर्गातल्या एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला गाठून विचारा, तास खरंच होतात का. वेळापत्रकावर सगळीकडेच होतात.

स्पष्टवक्ता_१३

बस सोडा, सेकंडहँड स्कूटी घ्या. नंबर बघून घ्या फक्त.

मंगळवेढा_एक्स्प्रेस

पहिल्यांदाच लिहितोय, बरेच दिवस नुसता वाचतो. मी तिसऱ्या वर्षाला आहे, गणित मुख्य, संख्याशास्त्र दोन वर्षं होतं. प्राजक्ताताई, जॅमला गणित आणि गणितीय संख्याशास्त्र असे दोन्ही पेपर एकाच वर्षी देता येतात का? आमच्याकडे विचारायला कुणी नाही.

बार्शीची_प्राजक्ता

देता येतात, पण दोन्ही पेपर वेगवेगळ्या सत्रांत असतील तरच. गेल्या काही वर्षांत गणित सकाळी आणि गणितीय संख्याशास्त्र दुपारी होतं. यंदाचं वेळापत्रक माहितीपत्रकात बघून घे. अर्ज एकच भरायचा, त्यात दोन पेपर निवडायचे, फी थोडी जास्त पडते. दुपारच्या पेपरात संभाव्यता आणि अनुमानाचा भाग मोठा असतो, लिनियर अल्जिब्रा-कॅल्क्युलस दोन्हीकडे कामी येतं. एक सल्ला, पहिल्या भागात चुकीच्या उत्तराला गुण कापतात, आकडा टाइप करायच्या प्रश्नांना कापत नाहीत. त्यामुळे शेवटच्या वीस मिनिटांत ते प्रश्न रिकामे सोडायचे नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून कुठं अडतोस ते इथंच लिही.

मंगळवेढा_एक्स्प्रेस

धन्यवाद ताई. ग्रुप थिअरीपासून सुरू करतो, तिथंच सगळं अडलंय.

तासिका_तत्त्वावर

ग्रुप थिअरीचे प्रश्न इथं टाक. शनिवारी दुपारी मी मोकळा असतो.